आता पुढे कुठे?

परवा नाशिकला परत येऊन आठ महिने झाले. या आठ महिन्यांत मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "मग, आता पुढे कुठे?" लग्नाच्या पंगतीत, भाजीच्या गाडीवर, जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर, सगळीकडे तोच. विचारणारे प्रेमानं विचारतात, हे कळतं. पण दरवेळी पोटात काहीतरी हलतं. मी कुठेही चाललेले नाही. घरात पुन्हा रुजायला जेवढा जोर लागला, तेवढा बाहेर एकाही ठिकाणी लागला नव्हता. त्याबद्दल आज लिहायचं आहे.

सव्वादोन वर्षं मी फिरत होते. लडाखमध्ये 'खंबीर' नावाची जाड रोटी आणि लोणी घातलेला चहा, श्रीनगरला पहाटे कांदराच्या, म्हणजे तिथल्या रोटीवाल्याच्या, दुकानातून आणलेली गरम 'गिरदा' रोटी, मग जॉर्जिया, आर्मेनिया. तिबिलिसीत 'तोने' नावाची मातीची खोल भट्टी असते, आपल्या तंदूरची बहीणच. भाजणारा माणूस कमरेपर्यंत आत वाकून होडीसारखी लांबट रोटी भिंतीवर थापतो. 'शोती' म्हणतात तिला, तिचं दुसरं नाव 'देदास पुरी', म्हणजे आईची भाकरी. जिथे राहत होते तिथल्या मावशींनी मला आंबवलेल्या पिठाचा ब्रेड शिकवला. निघताना त्यांच्याकडचं खमीर वाळवून कागदाच्या पुडीत बांधून दिलं.

मार्चमध्ये घरी आले. आईनं माझं कपाट रिकामं करून, पुसून, त्यात डांबरगोळ्या टाकून ठेवल्या होत्या. माझी सॅक मात्र दीड महिना पलंगाखालीच राहिली, निम्मी भरलेली. बाबा जिना चढताना कठडा धरतात, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. व्हिडिओ कॉलवर माणूस बसलेला असतो, त्यामुळे हे कधी दिसलंच नव्हतं. मी नसताना या घरात दोन वर्षं उलटली होती आणि ती माझ्याशिवाय उलटली होती. रात्री झोप लागायची नाही. ज्या गावात वाढले तिथे मला पाहुण्यासारखं वाटत होतं.

एप्रिलमध्ये ती पुडी उघडली. तिबिलिसीतलं प्रमाण तोंडपाठ होतं, मावशींच्या घरी एकदाही चुकलं नव्हतं. इथे सलग पाच ब्रेड बसले. पहिला तर थाळीसारखा पसरला. आमच्या स्वयंपाकघरात दुपारी पारा 36 ला टेकलेला. तिथे रात्रभर फुगणारं पीठ इथे चार तासांत फुगून खाली यायचं. इतक्या उष्म्यात आंबटपणा फार लवकर वाढतो आणि त्या आम्लानं कणकेची ताकद जाते. गिरणीचं दगडावर दळलेलं पीठ पाणीही जास्त पितं. शिवाय मी हौसेनं खपली गहू घेतला होता. खपलीची खीर उत्तम होते, पण तिच्या कणकेला चिवटपणा कमी, त्यामुळे ब्रेड उभा राहत नाही.

आईनं हे सगळं बघितलं आणि म्हणाली, "अगं, उन्हाळ्यात मी दह्याला विरजण किती लावते? थेंबभर. तू वाटीभर ओततेस." तिच्या विरजणाला एवढ्या वर्षांत खंड पडलेला नाही. मी नसतानाही ती रोज रात्री तेच करत होती. त्या दिवसापासून खमीर निम्म्याहून कमी केलं, पाणी माठातलं घेतलं, मळलेलं पीठ रात्री फ्रिजमध्ये. आता 350 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम खपली, 10 ग्रॅम मीठ. घरच्या छोट्या ओव्हनमध्ये, ओटीजीत, वाफ टिकत नाही, म्हणून आजीची बिडाची कढई आधी तापवून घ्यायची, त्यात गोळा सोडायचा आणि वर जड झाकण. कोंडलेल्या वाफेनं वरची साल लगेच कडक होत नाही, ब्रेडला फुगायला सवड मिळते. वीस मिनिटांनी झाकण काढायचं.

झाकण काढल्यावर आई वास घ्यायला येते. एकदा तिनं सांगितलं, लहानपणी मे महिन्यात ती आणि मामा नानकटाईचे पत्रे घेऊन जुन्या नाशकातल्या भट्टीवर रांगेत उभे राहायचे. पत्रे बदलू नयेत म्हणून प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. तूप फेटून हात भरून यायचे. पस्तीस वर्षं या बाईच्या हातचं जेवले आणि ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली.

त्याच सुमारास दर रविवारी अंजनेरीला, त्र्यंबकेश्वरजवळच्या डोंगरी किल्ल्यावर, जायला लागले. त्र्यंबकच्या गाडीनं फाट्यावर उतरायचं, गावातून वर, कातळातल्या पायऱ्या, जैन लेणं, मग पठारावरचं अंजनीमातेचं देऊळ आणि तळं. कॉलेजात असताना दोनदा गेले होते, तेव्हा 'झाला एक किल्ला' म्हणून सोडून दिला. आता मेमध्ये करवंदं खाल्ली, जूनमध्ये ढगात वाट चुकले, पावसाळा सरताना सोनकीनं पिवळं झालेलं पठार बघितलं. कंदीलपुष्पाची एक जात या डोंगराच्याच नावानं ओळखली जाते. हे कळल्यावर गवतात पाय टाकताना खाली बघायला लागले. कड्यावर पांढरे ओघळ दिसतात, ती गिधाडांची ठिकाणं. वर्षाला एकच अंडं घालणारा हा पक्षी पिढ्यानपिढ्या त्याच कपारींकडे येतो. वरपर्यंत गाडीरस्ता करायचा प्रस्ताव आला तेव्हा इथल्या लोकांनी विरोध केला होता. त्यांच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

फिरताना मी प्रत्येक जागा एकाच ऋतूत बघितली. लडाख म्हणजे माझ्यासाठी कायमचा ऑगस्ट. एकाच डोंगराचे तीन ऋतू ओळीनं बघितले ते इथेच, आणि त्यातूनच हे गाव पुन्हा माझं वाटू लागलं.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या घरी कुणी लांबून, बऱ्याच काळानं परत आलं असेल, तर त्याला पुढचा बेत विचारू नका. निदान वर्षभर तरी. त्याला गिरणीवर पाठवा, बँकेच्या रांगेत उभं करा, घरातलं एखादं रोजचं काम कायमचं त्याच्याकडे सोपवा. आणि परत आलेल्यांनो, तुम्ही नसताना ज्यांनी घर चालू ठेवलं त्यांना फोटो दाखवण्याआधी ती वर्षं कशी गेली ते विचारा. मी हे विचारायला फार उशीर केला.

उद्या रविवार. पीठ फ्रिजमध्ये आहे. मघाशी बाबा दारात येऊन म्हणाले, "लेण्यापर्यंत किती पायऱ्या आहेत गं?" मी म्हटलं, "मोजल्या नाहीत, बाबा. उद्या मोजू." त्यांनी बूट काढून पुसून ठेवलेत. ठेच्याची डबी आई भरतेय.