कम्प्युटरचा आमच्यावरचा विश्वास उडाला

सोमवारी सकाळी ऑफिसात आलो, पंखा लावला, कम्प्युटर चालू केला, पासवर्ड टाकला आणि कम्प्युटरने ओळखच दाखवली नाही. घाईत चुकलं असेल म्हणून परत टाकला, मग सावकाश टाकला, मग एका बोटाने, प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत टाकला (शेजारच्या मॅडमना आता माझा पासवर्ड पाठ आहे) तेव्हा कुठे कोपऱ्यात लक्ष गेलं, मराठी कीबोर्ड लागला होता. कसला वैताग आहे हा ते मराठीत टाईप करणाऱ्यालाच कळेल. खिडकीत नुसते ठिपके दिसतात, आपण आपले बी दाबतोय आणि आत व पडतोय, सी दाबला की म, आणि ए दाबला की अक्षर वगैरे काही नाही, नुसताच काना-मात्रा लटकतोय.

तोपर्यंत पाच चुका भरल्या आणि अकाउंट लॉक झालं. आमच्याकडे पाच वेळा चुकलं की अर्धा तास बाहेर बसायचं, शाळेत वर्गाबाहेर उभं करायचे तसं. त्यातून परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख, खिडकीबाहेर पोरांची रांग, आणि रांगेतला एकजण दुसऱ्याला सांगतोय, "काका पासवर्ड विसरलेत."

अर्ध्या तासाने इंग्रजी कीबोर्ड, बरोबर पासवर्ड, सगळं नीट टाकलं तर नवीनच मेसेज. या कम्प्युटरचं आणि डोमेनचं (म्हणजे ऑफिसातले कम्प्युटर एका सर्व्हरच्या ताब्यात असतात ते जाळं) ट्रस्ट रिलेशनशिप फेल झालंय म्हणे. म्हणजे आता मी नाहीच मध्ये, त्या दोघांचंच बिनसलंय. आमच्याकडे प्राचार्यांच्या केबिनमागच्या कपाटात एक सर्व्हर आहे, कोण खरा कोण खोटा हे तो ठरवतो. आणि नुसता आपलाच पासवर्ड नसतो बरं का, प्रत्येक कम्प्युटरचाही स्वतःचा एक पासवर्ड सर्व्हरकडे असतो, तो दर ३० दिवसांनी आपला आपण बदलतो, कुणाला सांगत नाही, वहीच्या मागे लिहून ठेवत नाही, आणि तरी विसरत नाही. मला हे कळलं तेव्हा जरा अपमानच वाटला.

हार्डवेअरवाल्या पोराला फोन लावला. "सर, कॅप्स लॉक बघितलं का?" बघितलं. "रिस्टार्ट केलं?" चार वेळा. "मग फॉरमॅट मारावं लागेल, गुरुवारी येतो." या पोराकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध. उद्या मी म्हटलं पंखा आवाज करतोय, तर पंख्यालाही फॉरमॅट मारेल.

मग पुतण्याला फोन. तो म्हणाला, काका, नेटवर्कची वायर काढून लॉगिन करून बघा. काढली आणि काय आश्चर्य, आत घेतलं की हो! का, तर वायर नसली की सर्व्हरला विचारताच येत नाही, मग कम्प्युटर मागच्या लॉगिनच्या आठवणीवर चालवून घेतो. वायर लावून परत लॉगिन करायला गेलं की पुन्हा अनोळखी. म्हणजे घरात एकटा असला की गोड बोलणार आणि चारचौघांत ओळख दाखवणार नाही, असे नातेवाईक आहेत माझे.

पुतण्याला जोर चढला. "डीएनएस बदला काका, ८.८.८.८ टाका." ॲडमिनचा पासवर्ड डेड स्टॉक रजिस्टरच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला आहे, तो वापरून आठ आठ आठ आठ टाकलं. तर आता सर्व्हरच सापडेना. नंतर कळलं ते असं की ८.८.८.८ म्हणजे गुगलचा डीएनएस, म्हणजे पत्ते सांगणारा, तो जगातल्या वेबसाईट शोधून देईल पण आमच्या प्राचार्यांच्या कपाटात काय आहे हे त्या बिचाऱ्याला काय माहीत. मुकाट्याने जुने आकडे परत टाकले. मधल्या मध्ये इंटरनेट तरी चालतंय का बघायला गेलो तर ब्राउझर म्हणतो तुमचं घड्याळ मागे आहे. मी मनगट बघितलं, अगदी बरोबर होतं. म्हटलं ह्याला काय कळतंय.

साडेबाराला शिपाईमामा चहा घेऊन आले, स्क्रीनकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, एक तारीख दाखवतोय, पगार जमा झाला का?"

खरंच की! कोपऱ्यात १ जानेवारी २०१२. या मशीनच्या जन्माचं साल. २०१२ मध्ये मी अजून टेम्पररी होतो, तेव्हा ओळखलं नाही यात त्याचं तरी काय चुकलं.

झालं होतं असं, की कम्प्युटर बंद असतानाही आतलं घड्याळ चालू ठेवायला मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, तो कधीचाच मेलेला. पण प्लगला लाईट होती तोवर घड्याळ त्या लाईटवर चालत होतं म्हणून कुणाला पत्ता नाही. आणि मागच्याच आठवड्यात वीजबिल बघून प्राचार्यांनी मामांना सांगितलं होतं, जाताना मेन स्विच पाडून जा. म्हणजे रोग लावणारे मामा आणि निदान करणारेही मामाच.

कॅबिनेट उघडलं. आत धुळीची गोधडी, त्यात एक झुरळ कधीचं समाधिस्थ. सेलच्या कडेची पत्ती नखाने दाबली तर तो टुणकन उडून कपाटाखाली गेला, म्हणून मी आणि मामा पालथे पडून पट्टीने शोधतोय आणि खिडकीतून पोरं व्हिडिओ काढतायत. सेलवर लिहिलेलं सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड. स्टँडसमोरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला, वडापाव-चहाच्या पैशात. नवीन बसवला, चालू करताना डिलीटचं बटण दाबून तारीख-वेळ नीट केली, वायर लावली, पासवर्ड टाकला. घेतलं आत!

गुरुवारी तो पोरगा आला, फॉरमॅट मारायचा चान्स गेला म्हणून हिरमुसला, पण माहिती दिली. सर्व्हरवर ओळख तपासणाऱ्या पद्धतीचं नाव कर्बेरॉस, अमेरिकेतल्या एमआयटीत १९८० च्या दशकात बनलेली, नाव ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या दारावरच्या तीन डोक्यांच्या कुत्र्यावरून. (आपल्याकडे तीन डोकी दत्तगुरूंना आणि पायाशी कुत्री वेगळी, ग्रीकांनी डोकी थेट कुत्र्यालाच बसवली.) सर्व्हरच्या आणि आपल्या घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की हा कुत्रा अंगावर येतो. पाच मिनिटांच्या आत असलं तर शेपूट हलवतो.

म्हटलं बरा आहे की. आमच्या दारावर थंबचं मशीन आहे, ते मुळातच सात मिनिटं पुढे आहे आणि तिथे एका मिनिटाची माफी नाही. त्या सोमवारी मी दहाच्या ठोक्याला आलो होतो तरी लेट मार्क लागलाय, तीन झाले की एक रजा जाते, हा माझा दुसरा. त्या मशीनमध्येही सेल असतो का, हे मी मामांना विचारून ठेवलंय.