बघा रे, किती छान दिसतंय!

आमच्या घराण्यात दम कुणालाच लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लागलेला नाही. चढावर आम्ही थांबतो ते फक्त दृश्य बघायला.

ही प्रथा बाबांची. मी दुसरीत आणि ताई सातवीत असताना दर रविवारी ते आम्हाला पर्वतीवर न्यायचे. पर्वतीला १०३ पायऱ्या. साधारण चाळिसाव्या पायरीवर बाबा थांबायचे, कमरेवर हात ठेवून शहराकडे वळायचे आणि म्हणायचे, "बघा रे, किती छान दिसतंय!" मग सारसबाग दाखवायचे, तळ्यातला गणपती कुठे ते ओळखायला लावायचे. सत्तराव्या पायरीवर परत तीच सारसबाग. आम्ही भूगोलाचा तास समजून मन लावून बघायचो. ती धाप लपवायची युक्ती होती हे मला चाळिशीत कळलं, तेही त्याच पायरीवर. मी माझ्या चिरंजीवांना सारसबाग दाखवत होतो आणि ते म्हणाले, "बाबा, मागच्या रविवारी पण तिथेच होती ती."

तर ऑक्टोबरात ताईचा फोन आला. "बाळ्या, डिसेंबरात दुसऱ्या रविवारी काय करतोयस?"

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि अजून बाळ्याच आहे. या प्रश्नाला "काही नाही" हे उत्तर द्यायचं नसतं एवढंही या वयात मला कळू नये, याची खंत वाटते.

"मग तुझं नाव दिलंय. सिंहगडावर पळायचंय. २१ किलोमीटर."

"ताई, सिंहगडावर लोक भजी खायला जातात."

"पैसे भरलेत. परत मिळत नाहीत."

४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने गडाचे दोर कापून टाकले असं सांगतात. त्याला निदान कुऱ्हाड उचलावी लागली असेल. ताईने तेच काम मोबाइलवर केलं.

तिच्या डोक्यात हे शिरलं कसं, तर बँकेतला नवीन पोरगा तिला म्हणाला होता, "मॅडम, तुम्ही जिन्याने कशाला, लिफ्टने या." बस. एवढ्यावर सह्याद्री पेटला. पण हे तिने मला सांगितलं नाही. मला म्हणाली, "एकटी बाई कशी जाणार डोंगरात, सोबतीला चल." आणि त्याच संध्याकाळी माझ्या बायकोला म्हणाली, "त्याचं पोट बघवत नाही गं. त्याच्यासाठी म्हणून पळतेय मी." आमच्याकडे कुणी स्वतःसाठी काही करत नाही. आंबा खायचा असला तरी दुसऱ्याला हवाय म्हणून कापतात.

सराव वेताळ टेकडीवर केला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पुण्यात टेकडीवर पळणाऱ्या माणसाला प्रशिक्षक लावावा लागत नाही, ते बाकांवर बसलेलेच असतात. "टाच आधी टेकतेय तुमची," एका आजोबांनी सुनावलं. पुढच्या आठवड्यात चवडा आधी टेकवला तर म्हणाले, "आता कंबर जाणार." नऊ हजारांचे बूट घेतले. पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची तोंडात धरायची नळी घेतली. ती लावल्यावर आपण खेळाडू दिसू असं वाटलं होतं, आरशात सलाइन लावलेला पेशंट दिसला. आदल्या दिवशी छातीवर लावायच्या नंबराचा कागद आला. त्याला बिब म्हणतात. माझ्या सरळ चाललेल्या आयुष्यात हा बिब्बा घातला कुणी, हे त्यावर छापलेलं नव्हतं, एवढंच.

पहाटे साडेपाचला आतकरवाडीच्या पायथ्याशी उभे राहिलो. थंडी अशी की दात आपोआप पळत होते. रस्ता सोपा सांगितला होता: गड चढायचा, कल्याण दरवाजाने पलीकडे उतरायचं, विंझरच्या बाजूला जाणाऱ्या सोंडेवरून जायचं, ठरलेल्या जागी बटाटे खायचे आणि आल्या वाटेने परत. म्हणजे सिंहगड एकाच सकाळी दोनदा चढायचा, एकदा पुढून आणि एकदा मागून. बारा वाजता वेळ संपणार. भोवती दोनशे माणसं, आणि अंगावर मांस कुणाच्याच नाही. जे काही वजन होतं ते मनगटावरच्या घड्याळात.

पहिले शंभर मीटर सगळे पळालो, कारण तिथे फोटोवाला उभा होता. पुढे चढ लागला आणि आमच्या घराण्यासमोर एक अभूतपूर्व संकट उभं राहिलं. अंधार होता. दृश्यच नव्हतं.

दहा मिनिटांनी ताई थांबली. तिने कमरेवर हात ठेवले, मागे वळली, आणि मला तिच्याबद्दल प्रथमच खराखुरा आदर वाटला. "बघ," ती म्हणाली, "पुण्याचे दिवे." दिवे होते. आम्ही ते महापालिकेने मोजायला पाठवल्यासारखे बघितले. पुढच्या वळणावर झाडं आडवी आली, दिवेही गेले. आता पाळी माझी होती. "ताई, सप्तर्षी," मी म्हणालो. मोजले. सात निघाले. खात्री करायला पुन्हा मोजले. मागून येणारा एक मुलगा म्हणाला, "काका, सगळं ओके ना?" ताई म्हणाली, "हो हो, याला ग्रहताऱ्यांची आवड आहे."

पुणे दरवाजात पोचलो तेव्हा उजाडलं होतं. "माझा गड पंचेचाळीस मिनिटांचा आहे" असं सांगणारी माणसं पुण्यात पैशाला पासरी मिळतात. आमचा दीड तासाचा झाला.

कल्याण दरवाजातून बाहेर पडलं की समोर राजगड आणि तोरणा उभे असतात. तोरणा १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, आणि शेजारी बालेकिल्ल्याचा माथा वर काढलेला राजगड. कोवळं ऊन, दरीत धुकं. आयुष्यात पहिल्यांदा खरोखर थांबून बघावं असं दृश्य मिळालं, आणि बघायची सोय नव्हती, कारण पायाखाली घसारा होता. सुकलेला मुरूम आणि त्यावर वाळलेलं गवत. उभ्याने दोन पावलं टाकली की तिसरं आपोआप टाकलं जातं, आणि चौथं टाकायला पाय शिल्लक राहत नाहीत. मी बराचसा उतार बसून उतरलो. नऊ हजार बुटांवर खर्च केले ते चुकलंच. पैसे पॅन्टवर घालवायला हवे होते.

बटाटे मात्र खरोखर मिळाले. उकडलेले, वर मीठ. लग्नाच्या पंक्तीतही इतकं चांगलं काही खाल्ल्याचं आठवत नाही. परत फिरताना उजव्या पोटरीत गोळा आला. मी दगडावर बसलो आणि ताईला म्हणालो, "तू दमली असशील, जरा बस."

"मी कुठे दमलेय? तू बसलास म्हणून बसते."

"मी तुझ्यासाठी बसलोय."

"मग ऊठ."

"तू आधी ऊठ."

यावर आम्ही सात-आठ मिनिटं बसून राहिलो. तेवढ्यात ताईला दिसलं की एक तरुण मुलगा मागून येतोय आणि वाट दाखवायला झुडपांना बांधलेल्या फिती काढून पिशवीत भरतोय. ताईने बसल्या जागेवरून तोफ डागली. "अरे, लाज वाटत नाही? मागून येणाऱ्यांनी काय करायचं?"

मुलगा अतिशय नम्रपणे म्हणाला, "काकू, मागून कुणी येत नाहीये."

तो सगळ्यात शेवटच्या माणसाबरोबर चालायला नेमलेला होता. म्हणजे आमच्याबरोबर. एवढं कळूनही ताईला शेवटचं असण्याचं दुःख झालं नाही. "काकू" मात्र तिला लागलं. ती उठली आणि कल्याण दरवाजाकडे जी निघाली, ती मला गाठता येईना. मागे त्या मुलाच्या फिती काढण्याचा आवाज येत होता. आपण पाऊल उचललं की मागची वाट पुसली जातेय, हा अनुभव फार कमी लोकांच्या वाट्याला येतो.

वर दह्याची मडकी घेऊन बसलेल्या एका मावशींनी आमच्याकडे नीट निरखून पाहिलं. "कोण मागं लागलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही मावशी, स्पर्धा आहे."

"मग किती पैसे देत्यात?"

"आम्ही भरलेत पैसे."

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग मडक्यावरची पळी सरळ करत म्हणाल्या, "बसा. दही खावा." दुसऱ्या मडक्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. आजारी माणसाकडून घेत नसाव्यात.

उतारावर रविवारची गर्दी वर येत होती. कॉलेजची मुलं धापा टाकत विचारत होती, "काका, अजून किती राहिलंय?" सिंहगडावर या प्रश्नाचं एकच उत्तर आहे आणि ते मी प्रत्येकाला दिलं, "झालंच, पाच मिनिटं." आजवर त्यांच्यासारखंच वर जाताना मला किती जणांनी फसवलं होतं, त्याचा हिशोब त्या दिवशी फिटला.

बाराला आठ मिनिटं कमी असताना कमान दिसली. कोणी टाळ्या वाजवायला उरलं नव्हतं, ध्वनिक्षेपकवाला वायर गुंडाळत होता. कमानीच्या दोन पावलं अलीकडे ताई थांबली. माझा गळा भरून आला. वाटलं, हात धरून एकत्र जाणार. ती म्हणाली, "बाळ्या, तुझी लेस सुटलीये."

मी वाकलो. लेस सुटलेली नव्हती. निकालात ती शेवटून दुसरी आहे, मी शेवटचा.

"मोठ्यांना आधी जाऊ द्यावं," गाडीत ती म्हणाली. पुढे घरापर्यंत आम्ही बोललो नाही. भांडण म्हणून नव्हे, जबडाही दुखत होता.

आई माझ्याकडे असते. जेवायला ताई पण आली. आमच्या इमारतीत खाली पाटी: "लिफ्ट बंद आहे." आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. कठड्याला धरून, एकेका पायरीला दोन्ही पाय टेकवत, आम्ही पहिला मजला पार केला. दुसऱ्याच्या अलीकडे वळणावर एक खिडकी आहे. तिथून शेजारच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसते आणि तिच्यावर कुणाची तरी गोधडी वाळत घातलेली असते. ताई तिथे थांबली. कमरेवर हात ठेवले.

"बघ," ती म्हणाली.

मी बघू लागलो.

वरून आईचा आवाज आला, "काय रे, थांबलात का?"

"काही नाही आई, टाकी बघतोय."

क्षणभर वरून काही आलं नाही. मग दार उघडल्याचा आवाज झाला.

"बघा सावकाश," आई म्हणाली. "तुमचे बाबाही रोज बघायचे."