एकोणीस वर्षांचा इसम दिसल्यास

वस्तीत खून-मारामाऱ्या नको असतील तर दारातल्या माणसाला आधी जन्मतारीख विचारा. एकोणीस म्हणाला? कडी लावा.

ही युक्ती मला गेल्या आठवड्यात सुदामा नगरात शिकायला मिळाली. भाचा कॉलेजसाठी इंदूरला आलाय, त्याला खोली हवी होती. काकूंनी पोहे दिले, वर शेव भुरभुरली, डिपॉझिटही ठरलं. मग आतून काका आले, चष्म्यावरून त्याच्याकडे बघत मला म्हणाले, "फॅमिली असती तर दिली असती हो. या वयाची पोरं म्हणजे... जगभरचे आकडे आहेत."

आहेत ना! बेल्जियमच्या केतले या संख्याशास्त्रज्ञानं १८३१ सालीच ते मांडले : गुन्ह्याकडचा कल पंचविशीच्या सुमारास शिगेला पोचतो, मग ओसरतो. तेव्हा मुलगे पंचविशीपर्यंत माळ्यावर ठेवा. मुली खाली राहिल्या तरी चालेल.

किंवा देशच म्हातारा करा. जपानमध्ये खून फार कमी. तुरुंगात दुकानचोरी केलेल्या आज्यांची सोय बघावी लागते, एवढंच.

पुढचे आकडे मात्र वाचू नका. भारतात २०२२ साली खुनाचे गुन्हे २८,५२२, म्हणजे लाखामागे दोनाच्या आसपास. नव्वदीच्या सुरुवातीला हेच प्रमाण साधारण दुप्पट होतं. मधल्या तीस वर्षांत देशात काय तरुण नव्हते? अमेरिकेतही १९९१ नंतर हिंसक गुन्हे धडाधड उतरले, आणि वयोरचनेच्या खात्यावर त्यातला थोडासाच वाटा टाकता आला. आणि २०२२ च्या त्या खुनांमागचं पहिल्या नंबरचं कारण माहीत आहे? वादावादी! ती काय असते हे काकांना मी सांगायला नको, पोहे खाता खाता पार्किंगवरून शेजाऱ्याशी त्यांची दोनदा जुंपली होती.

अहो, शंभर पोरांतली दोन-चार हाणामारी करतात म्हणून उरलेल्यांनी फुटपाथवर झोपायचं? आकडा गर्दीचा असतो, दारात उभ्या पोराचा नसतो. एवढं कळत नसेल तर आकडे कशाला फेकता? तुमचा स्वतःचा मुलगा पुण्यात कॉट बेसिसवर राहतो ना? बाविशीचाच आहे ना तो? त्याला तिथे कुणीतरी जागा दिलीच ना? मग लाज नाही वाटत?

भाचा माझ्याकडे हॉलमध्ये झोपतो. सहा फुटी आहे, पाय सोफ्याबाहेर येतात. काकांच्या फाटकावर पाटी अजून आहे : 'कमरा खाली है.'