‘विषय काढू नका, म्हणजे ती विसरेल’: चार सूचना आणि त्यांची उत्तरे

गर्भपात झालेल्या बाईच्या घरच्यांसाठी म्हणून एक संदेश कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटांवर अधूनमधून फिरत असतो. जड उचलल्याने, प्रवासाने किंवा पपई खाल्ल्याने असे होते, पिशवी लगेच साफ करून घ्यावी, सहा महिने पुन्हा दिवस राहू देऊ नयेत आणि तिच्यापुढे बाळाचा विषय काढू नये, म्हणजे ती लवकर विसरेल, असे त्याचे सार. लिहिणाऱ्याला काळजी असावी. सूचना मात्र जशाच्या तशा पाळण्याजोग्या नाहीत.

पहिल्या तीन महिन्यांत आपोआप होणाऱ्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष असतो आणि तो बहुधा गर्भ राहतानाच ठरलेला असतो. पाण्याची कळशी उचलल्याने किंवा एसटीने माहेरी जाऊन आल्याने गुणसूत्रे बदलत नाहीत. पपईच्या एका फोडीचा हिशेब सासूबाईंनी मांडला नाही, तरी ती बाई तो मनात मांडतच असते.

पिशवी प्रत्येकीची साफ करावी लागत नाही. तब्येत स्थिर असेल तर काही दिवस वाट पाहणे, गोळ्या घेणे किंवा सक्शनने पिशवी रिकामी करणे असे तीन मार्ग असतात आणि त्यांतला कोणता निवडायचा हे सोनोग्राफी पाहून, तिला विचारून ठरते. मात्र तासाला दोन पॅड भिजतील इतके सलग दोन तास अंगावरून गेले, ताप आला, स्रावाला घाण वास आला किंवा चक्कर आली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रक्तगट निगेटिव्ह असल्यास अँटी-डी (पुढच्या गर्भाला रक्तगटामुळे होणारा त्रास टाळणाऱ्या) इंजेक्शनबद्दल त्याच दिवशी विचारावे, कारण ते द्यायचे असल्यास ७२ तासांच्या आत देतात.

सहा महिन्यांची अट जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या शिफारशीतून आली. नंतरच्या संशोधनात सहा महिन्यांच्या आत दिवस राहिलेल्या स्त्रियांना जास्त धोका आढळला नाही. द्राक्षगर्भासारख्या (गर्भाऐवजी द्राक्षांच्या घोसासारख्या गाठी वाढण्याच्या) स्थितीत थांबावे लागते, ते डॉक्टर सांगतात.

चौथी सूचना सर्वांत निरुपद्रवी वाटते आणि माझा सर्वाधिक आक्षेप तिच्यावरच आहे. पाचव्या महिन्यात बाळ गेलेल्या बाईला दोन-तीन दिवसांनी दूध येऊ शकते. ब्लाउज ओला होतो, छाती दगडासारखी होते आणि घरात विषयबंदी असल्यामुळे दूध पिळत बसू नये, नीट आधार देणारी ब्रा घालावी, थंड शेक घ्यावा, दूध आटवण्याचे औषध डॉक्टरांना विचारावे, हे साधे सांगायलाही कोणी उरत नाही. लंडनमधील स्त्रियांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ गमावल्यावर एका महिन्याने २९ टक्के जणींत आघातोत्तर तणावाची (मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाची) लक्षणे होती आणि नऊ महिन्यांनीही ती १८ टक्के जणींत दिसली. तिला बोलायचे असेल तेव्हा ऐकावे, नको असेल तेव्हा नुसते जवळ बसावे, आणि नवऱ्यालाही ‘तू कसा आहेस’ असे विचारावे. झोप उडाली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो.

नोकरी करणारीला या मौनाचा आणखी एक तोटा होतो. कायद्यात १९६१ पासून गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद आहे, पण ऑफिसात कळायला नको म्हणून अर्जावर ‘ताप’ लिहून चार दिवसांत कामावर जाणाऱ्या अनेकजणी असतात. या रजेसाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ते रुग्णालयातून घरी सोडतानाच मागून घ्यावे.