आमच्या धीराचं काय केलंत?

परवा पुन्हा मामेभावाशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं. विषय तोच, एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधला आमचा संघ फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स, म्हणजेच सिक्सर्स. या लीगमध्ये संघ दर वर्षी ड्राफ्टमध्ये नवी पोरं आळीपाळीने निवडतात आणि फ्री एजन्सीत करार संपलेले खेळाडू पैसे मोजून आणतात. त्याचं म्हणणं, "ड्राफ्टच्या नादी लागून यांचं वाटोळं झालं. पैसे टाकायचे, फ्री एजन्सीत तयार स्टार उचलायचा, विषय संपला." विषय संपला म्हणे! अरे, उचलले ना स्टार. एकदा नाही, पुन्हा पुन्हा उचलले. त्याचीच तर फळं भोगतोय.

आणि दुसऱ्या बाजूला ते दर वर्षी उठून "सगळं मोडा, हरत राहा, वरचा पिक मिळवा" म्हणणारे. पिक म्हणजे ड्राफ्टमधला निवडीचा हक्क, आणि जो संघ जास्त हरतो त्याला वरचा पिक मिळायची शक्यता जास्त. त्यांचा तर मला जास्त संताप येतो, कारण ते हरणं मी डोळ्यांनी बघितलंय. २०१३ साली एमएस करायला फिलाडेल्फियाला गेलो. खिशात दमडी नाही, पण सिक्सर्सची अगदी वरच्या रांगांची तिकिटं विद्यार्थ्यालाही परवडायची, कारण संघ हरत होता. जनरल मॅनेजर सॅम हिंकीने आल्या आल्या ड्रू हॉलिडेसारखा ऑल-स्टार देऊन टाकला आणि पिक गोळा करायला सुरुवात केली. त्या मोसमात सलग २६ सामने हरलो. सलग २६! ब्रॉड स्ट्रीट लाइनच्या शेवटच्या स्टेशनवर उतरायचं, बोचऱ्या थंडीत चालत जायचं, २० गुणांनी हरताना बघायचं आणि परत यायचं. परतीच्या गाडीत कोणी कोणाशी बोलायचं नाही. त्याच्या पुढच्या मोसमात १८ विजय. त्याच्या पुढच्यात ८२ पैकी १०. आम्हाला सांगितलं, प्रक्रियेवर विश्वास ठेवा. आम्ही ठेवला. "ट्रस्ट द प्रोसेस" ओरडून ओरडून घसा बसेपर्यंत ठेवला.

बरं, पिक तर मिळाले. २०१४ ला तिसऱ्या क्रमांकावर जोएल एम्बीड. पायाच्या दुखापतीने पहिले दोन मोसम कोर्टवर उतरलाच नाही, आम्ही वाट बघितली, आणि पोरगा हिरा निघाला. पण त्याच ड्राफ्टमध्ये ४१व्या क्रमांकावर पुढे दिग्गज ठरलेला निकोला योकिच गेला, हे विसरायचं का? २०१५ ला तिसऱ्या क्रमांकावर जाहिल ओकाफोर घेतला, पुढे स्टार झालेला डेव्हिन बुकर १३व्या क्रमांकापर्यंत मोकळा होता. म्हणजे नुसता वरचा नंबर मिळवून काय होतं? ज्याला निवडता येत नाही त्याच्या हाती वरचा नंबर देऊन काय उपयोग?

आणि मार्केल फुल्ट्झ. हे नाव घेतलं की आजही पोटात कालवतं. २०१७ ला बॉस्टनला आपला तिसरा पिक आणि वर एक भावी पिक देऊन पहिला क्रमांक घेतला. बॉस्टनने तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम घेतला आणि २०२४ ला अजिंक्यपद उचललं. आणि आमचा फुल्ट्झ? फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहायचा, चेंडू वर न्यायचा आणि हात मध्येच अडखळायचा. वय वर्षे १९. सगळं जग त्याचे व्हिडिओ फिरवत हसत होतं. खांद्याजवळच्या नसा दबल्याचं निदान व्हायला २०१८ चा डिसेंबर उजाडला आणि २०१९ च्या फेब्रुवारीत त्याला ऑर्लँडोला देऊनही टाकलं. ड्राफ्ट म्हणजे नुसती लॉटरीची सोडत नाही हो! आणलेल्या पोराला शिकवावं लागतं, त्याचं दुखणंखुपणं बघावं लागतं, त्याच्यामागे उभं राहावं लागतं. बी आणून नुसतं फेकलं की पीक येत नाही.

तरीही २०१९ ला आम्ही जवळ पोचलो होतो. इतके जवळ! जिमी बटलर संघात आला होता. प्लेऑफमध्ये टोरंटोविरुद्ध निर्णायक सातवा सामना, आपल्याकडे सोमवारची सकाळ, मी पुण्यात, टीव्हीचा आवाज बंद करून. ९०-९०. टोरंटोच्या कवाय लेनर्डने कोपऱ्यातून एम्बीडच्या हातांवरून चेंडू टाकला. रिंगवर एक टप्पा, दोन, तीन, चार, आणि आत. एम्बीड रडत आत गेला. आई उठून बाहेर आली, मला बघून म्हणाली, "काय झालं रे, कोणाचा फोन होता?"

त्यानंतरच्या उन्हाळ्यात काय करायला हवं होतं? बटलरला धरून ठेवायचं, एवढंच! तो गेला मायामीला. आणि आपण काय केलं? टोबायस हॅरिसला पाच वर्षांचे १८ कोटी डॉलर, आणि ३३ वर्षांच्या अल हॉरफर्डला चार वर्षांचे १० कोटी ९० लाखांपर्यंत. हॉरफर्डही एम्बीडसारखाच उंचापुरा, त्याच जागेवरचा. दोघांना कोर्टवर नीट उभं राहायला जागा पुरेना. दीड वर्षात चूक उमगली. मग त्याचा करार गळ्यातून काढायला ओक्लाहोमा सिटीला वर पहिल्या फेरीचा एक भावी पिक द्यावा लागला.

तो पिक चुकता करायची वेळ कधी आली? २०२५ ला. म्हणजे आणखी एका विकत आणलेल्या स्टारच्या, पॉल जॉर्जच्या मोसमात. ३४ वर्षांच्या पॉल जॉर्जला २०२४ ला चार वर्षांचे २१ कोटी २० लाख डॉलर दिले. जॉर्ज खेळला ४१ सामने, एम्बीड १९. २४ विजय, ५८ पराभव. पिक पहिल्या सहात आला तरच आपल्याकडे राहणार, म्हणून पुन्हा हरण्यातच आपलं हित! एका चुकीच्या खरेदीचं बिल सहा वर्षांनी आमच्याच माथी. प्रेक्षकांनी किती वेळा हरायचं?

आणि तोच ओक्लाहोमा सिटी बघा. त्यांनी २०१९ ला हाच पॉल जॉर्ज क्लिपर्स या संघाला दिला आणि शाय गिलजस-अलेक्झांडर आणि गॅलिनारी हे खेळाडू, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि पिकांच्या अदलाबदलीचे दोन हक्क घेतले. २०२१-२२ ला तेही २४-५८. पण घाबरले नाहीत. त्या उन्हाळ्यात दुसऱ्या क्रमांकावर चेट होमग्रेन घेतला, पायाच्या दुखापतीने त्याचा पहिला पूर्ण मोसम गेला, थांबले. क्लिपर्सच्या पिकवर, १२व्या क्रमांकावर, जेलन विल्यम्स घेतला. घर उभं राहिल्यावर मग २०२४ ला फ्री एजन्सीत जाऊन हार्टेनस्टाइन हा उंचापुरा खेळाडू आणला. २०२५ ला चॅम्पियन. पहिल्या फेरीत निवडलेल्या नवख्या खेळाडूचा पगार चार वर्षं ठरलेला आणि कमी असतो. बड्या स्टारचा एकट्याचा पगार सॅलरी कॅपचे, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेचे, ३५ टक्केही खातो. त्यामुळे पोरं स्वस्तात खेळत असतात तेव्हाच नेमकं काय कमी आहे ते बघून विकत घ्यायचं. एवढं साधं गणित आहे. आमच्याकडे मात्र आधी दागिने आणि मग घराचा पाया!

ड्राफ्टचे वरचे क्रमांक ठरवणाऱ्या २०२५ च्या लॉटरीत आमचा तिसरा क्रमांक लागला, पिक वाचला, व्हीजे एजकोम आला. पहिला सामना बॉस्टनमध्ये, आपल्याकडे भाऊबीजेची पहाट. त्या पोराने पहिल्याच सामन्यात ३४ गुण केले आणि आपण ११७-११६ जिंकलो. कित्येक वर्षांनी मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवत होतो. त्याच दिवशी मामा आईकडून ओवाळून घ्यायला घरी आला, बरोबर मामेभाऊ. मी त्याला मोबाइलवर सगळे बास्केट दाखवले. त्याने चकली मोडली, बघितलं आणि म्हणाला, "भारी आहे रे. आता याची किंमत वाढली, याच्या बदल्यात कोणीतरी मोठा स्टार आणता येईल."

हात लावू नका त्या पोराला. ऐकताय ना? हात लावू नका.