स्वस्त ड्रिल घरीच उघडा, कुणाला सांगू नका

गेल्या रविवारी माझ्या ड्रिलने भिंतीत अर्धं भोक पाडलं आणि मान टाकली. आधी मागच्या जाळीतून निळ्या ठिणग्या, मग करपट वास, मग शांतता. कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, झिजून संपले होते. आता एवढ्याशा कामासाठी कारागिराकडे कोण जातं? आपण हाताने सगळं करणारी माणसं. तेव्हा माझ्या अनुभवाचा प्रसाद तुम्हीही घ्या.

उघडण्याआधी फोटो काढू नका. कुठली वायर कुठून गेली होती हे आपल्या लक्षात राहतंच.

स्क्रू सगळे एकाच वाटीत टाका. त्यांतले दोन जरा लांब असतात. ते आखूड जागी पिळले की प्लास्टिक कसं तडकतं ते पाहण्यासारखं असतं.

सगळे स्क्रू काढूनही कव्हर निघत नसेल तर खुशाल स्क्रू ड्रायव्हर खुपसा. शेवटचा स्क्रू स्टिकरखाली असतो, पण ते नंतर कळलेलंच बरं.

बिट पकडणाऱ्या चकच्या आतला स्क्रू नेहमीसारखा डावीकडे, जोर लावून फिरवा. उलट-सुलट फिरणाऱ्या ड्रिलमध्ये त्याला उलटे आटे असतात, हे त्याचं डोकं गुळगुळीत झाल्यावर पक्कं लक्षात राहतं.

आता कार्बन. बऱ्या मशीनला बाजूला दोन टोपणं असतात. फिरवली की कार्बन हातात. आपल्या मशीनला टोपण नाही. कशाला हवं? झिजण्यासाठीच बनवलेला, नखाएवढा तुकडा बदलायला अख्खं मशीन दुभंगायचं! दुभंगलं की आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, एका हातात, गिअर ग्रीससकट मांडीवर, आणि कार्बनला दाबणारी स्प्रिंग टुणकन कपाटाखाली. मी पालथा पडून मोबाईलच्या उजेडात शोधली. सापडली ती बॉलपेनातली. नवे कार्बन आणले, ते अर्धा मिलिमीटर जास्त जाड. तासभर पॉलिश पेपरवर घासत बसलो, नाकापर्यंत काळा झालो. कार्बन बसला, तर त्याची तांब्याची शेपटी पत्तीपर्यंत पुरेना! 608 नंबरचं बेअरिंग जगात कुठेही घ्या: आत 8, बाहेर 22, जाडी 7 मिलिमीटर. स्केटच्या चाकात बसतं, ड्रिलमध्येही बसतं. मग कार्बनलाच काय धाड भरली होती? दर मॉडेलला वेगळं माप, वेगळी शेपटी!

बॅटरीवालं मशीन असेल तर पॅक फोडून सेलना थेट सोल्डरचा डाग द्या. लिथियमला उष्णता फार मानवते.

जाऊ दे, नाही जमत मला हे गोड बोलणं. अरे ड्रिल बनवणाऱ्यांनो, झिजणारा भाग तुम्हीच बसवता ना? मग तो बदलायला एक भोक ठेवताना हात मोडतात? खोक्यावर वॉट छापायला जागा आहे, कार्बनचं माप छापायला नाही?

आणि तुम्ही हसू नका. ठिणग्या तुम्हालाही दिसतात, तरी ‘एवढं एक भोक पाडू’ म्हणत ट्रिगर दाबताच ना? थांबा तिथेच. आधी प्लग काढा. केबल हँडलच्या तोंडाशी तुटली आहे का बघा, पुष्कळदा तेवढंच असतं. आणि कार्बन पार संपेपर्यंत चालवू नका. स्प्रिंग कम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरच्या ज्या तांब्याच्या कड्यावर कार्बन टेकतो त्यावर, घासली की आर्मेचरच जातं. माझं गेलं.