सिरॅमिक ग्रिल किती इंची घ्यावा? आधी रद्दी पेपर कापा

‘गच्चीवर पंधरा माणसं आली तर पुरला पाहिजे’ हा हिशोब लग्नाच्या पातेल्याला ठीक आहे, सिरॅमिक ग्रिलला, म्हणजे जाड सिरॅमिक भिंतींच्या, झाकण असलेल्या, अंड्याच्या आकाराच्या कोळशाच्या शेगडीला नाही. चॉप (फासळीचा तुकडा) किंवा स्टेक (मांसाचा जाड काप) चार-सहा मिनिटांत उतरतो आणि लगेच दुसरा घाणा लावता येतो. त्यामुळे माणसं किती यापेक्षा एका वेळी जाळीवर काय ठेवणार आणि त्याची जाडी किती, यावर माप ठरवा. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: चौघांच्या घरात फक्त चॉप आणि स्टेक भाजायचे असतील तर 13 ते 15 इंच पुरे. जाड स्टेक आणि अख्खी रान (मांडी) दोन्ही हवं असेल तर 18. घरासाठी 24 घेणं म्हणजे नुसती हौस.

हे आकडे जाळीच्या व्यासाचे. बिग ग्रीन एग आणि कामाडो जो या दोन कंपन्यांची मापं बघा. बिग ग्रीन एगचा मिनीमॅक्स 13 इंची, मीडियम 15, लार्ज 18 च्या किंचित वर, एक्सएल 24. कामाडो जोचा ज्युनिअर साडेतेरा, क्लासिक 18, बिग जो 24. क्षेत्रफळ काढलं की खरा फरक दिसतो: 13 इंचीला 133 चौरस इंच, 15 ला 177, 18 ला 254 आणि 24 ला 452. पाच इंच व्यास वाढला की जागा जवळजवळ दुप्पट होते.

पण ही सगळी जागा कामाची नसते, आणि दुकानदार नेमकं हेच सांगत नाही. कोळशाचं भांडं खाली निमुळतं असतं, म्हणून जाळीच्या कडेची दीड-दोन इंचांची पट्टी मधल्या भागाएवढी तापत नाही. तिथे ठेवलेल्या मांसाला करपूस कड येत नाही, ते नुसतं शिजतं. कड सोडली की 13 इंचीत दहा इंचांचा गोल उरतो, म्हणजे साधारण 78 चौरस इंच. 18 इंचीत चौदाचा, सुमारे 154. आठ बाय पाचचा एक स्टेक 40 चौरस इंच खातो. म्हणजे छोट्यात दोन कसेबसे, 18 मध्ये तीन आरामात. दोन फासळ्यांचा बोकडाचा चॉप मात्र आजूबाजूची फट धरून 15 चौरस इंचात बसतो, तेव्हा छोट्यातही पाच मावतात.

म्हणून आधी रद्दी पेपर घ्या आणि 10 आणि 14 इंच व्यासाचे दोन गोल कापा. पुढच्या रविवारी मटण आणलं की कच्चे तुकडे त्यावर मांडून बघा, प्रत्येकाभोवती बोटभर फट ठेवून. तुकडे चिकटून ठेवले तर पाणी सुटतं आणि भाजण्याऐवजी वाफवलं जातं. दहा मिनिटांत उत्तर मिळेल.

आता मांसाबद्दल. परदेशी व्हिडिओत दिसतो तो चरबीच्या रेघांचा स्टेक आपल्याकडे गृहीत धरू नका. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, 2015 पासून बैल, वळू यांच्याही कत्तलीला आहे. कायदेशीर मिळतं ते म्हशीचं, आणि त्यात चरबी कमी असते, म्हणून ते पटकन कोरडं पडतं. बाकी घरांत बोकडच. दुकानात नुसतं ‘चॉप द्या’ म्हटलं की एकेका फासळीचे पातळ तुकडे मिळतात. ते सिरॅमिक ग्रिलवर वाया जातात, कारण बाहेरून रंग येईपर्यंत आतून चामडं होतं. दोन फासळ्यांचा एक तुकडा मागा, किंवा मांडीचा आडवा, हाडासकट, इंच-सव्वा इंच जाडीचा काप.

ही जाडीच माप ठरवते. इंचापर्यंतचे तुकडे थेट जोराच्या आचेवर होतात, आणि त्यात छोटा ग्रिल उजवा ठरतो: त्यात जाळी कोळशाच्या जवळ असते आणि भिंती लवकर तापतात. 18 इंचीत जाळी झाकणाच्या कडेच्या उंचीला, निखाऱ्यापासून लांब असते. तळाला चार मुठी कोळसा टाकून त्यावर दोन चॉप ठेवले तर ते पांढरट पडतात आणि मग लोक ग्रिलला नावं ठेवतात. 18 घेतला असेल तर कोळसा भांड्याच्या काठापर्यंत भरा किंवा जाळी खालच्या टप्प्यावर आणा. भरलेला कोळसा वाया जात नाही. काम झालं की खालचं दार आणि वरची झडप बंद करा, हवा तुटते, निखारे विझतात, उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. विझवायला पाणी मात्र कधीच मारू नका, तापलेलं सिरॅमिक तडकतं.

दीड-दोन इंच जाडीला पद्धत उलटी. आधी आडोशाने, म्हणजे कोळसा आणि जाळीच्या मध्ये आच अडवणारा सपाट दगड ठेवून, 110 ते 120 अंश सेल्सिअसवर, आतलं तापमान 48-50 होईपर्यंत. मग मांस बाहेर, आडोशाचा दगड बाहेर, दोन्ही झडपा पूर्ण उघड्या, जाळी चांगली तापू द्या आणि प्रत्येक बाजू मिनिट-दीड मिनिट. 55 ला स्टेक आत गुलाबी राहतो. बोकडाला मी 63 च्या खाली जाणार नाही, आपल्या जिभेला तेच रुचतं. 13 इंचीत अडचण येते ती इथेच: तापलेला दगड मध्येच जाड हातमोज्यांनी उचलून सुरक्षित जागी ठेवावा लागतो. 18 इंचीत अर्धगोल दगड एका बाजूला ठेवला की निम्मी जाळी मंद, निम्मी जोरात. दगड न हलवता काम होतं. 18 घेण्याचं माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण हेच, पाहुणे नव्हे. शिवाय दीड किलोची रान हाडासकट छोट्यात आडवी बसत नाही.

तापमान चढवताना घाई नको. सिरॅमिक उष्णता धरून ठेवतं. 120 वर थांबायचं असताना 200 वर गेलात तर परत उतरायला तासभर सहज जातो. हवं त्यापेक्षा 15-20 अंश आधीच झडपा आवळायला लागा. झाकणावरचा काटा वरच्या हवेचं तापमान दाखवतो, जाळीचं नाही. मांसात खुपसायचा थर्मामीटर वेगळा घ्याच. आणि जोराच्या आचेवर झाकण एकदम उघडू नका. आधी दोन बोटं उचलून हवा आत जाऊ द्या, मग पूर्ण उघडा, नाहीतर भडका थेट तोंडावर येतो.

कोळसा लाकडीच हवा, दगडी नव्हे. बाभळीचा लोणारी कोळसा उत्तम तापतो, पण पोत्याच्या तळाचा चुरा आणि माती चाळून टाका. चुऱ्याने खालची भोकं बुजतात आणि ग्रिल दीडशेच्या पुढे हलत नाही. तळाला मोठे डल्ले, वर बारीक. रॉकेल, पेट्रोल अजिबात नाही. सिरॅमिक सच्छिद्र असतं, वास मुरतो आणि मग महिनाभर मटणाला घासलेटचा वास.

वजनाचा विचार लोक ग्रिल घरी आल्यावर करतात. 13 इंची तीस-पस्तीस किलोचा, दोघांनी जिन्याने नेता येतो. 18 इंची सत्तर किलोच्या पुढे, 24 स्टँडशिवायच शंभराच्या आसपास. जुळे सोलापूरच्या रो-हाउसच्या अरुंद वळणाच्या जिन्याने 24 वर न्यायचा तर चार हमाल लागतात, आणि एकदा आपटला की संपलं. जुन्या पेठेतल्या मातीच्या माळवदावर तर हा विचारच नको, खाली फरशी असलेलं अंगण बघा. बंद गॅलरीत कुठलंही माप चालणार नाही, कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर असला तरी ग्रिलचं काही बिघडत नाही, भाजणाऱ्याचं बिघडतं. ऊन उतरल्यावरच पेटवा. तेव्हा वारा सुटलेला असतो आणि बाभळीचा कोळसा ठिणग्या उडवतो, म्हणून शेजारच्या गच्चीवर कुरडया-पापड वाळत असतील तर आधी ते उचलायला सांगा. पावसाळ्यात मात्र झाकून ठेवा. भिजलेला ग्रिल एकदम तापवला तर मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन भिंतीला चीर जाते. भिजलाच तर पहिला तासभर मंद आच.

घेताना आतलं कोळशाचं भांडं बाहेर काढून उजेडात बघा, पहिली चीर बहुतेक तिथेच जाते. झाकणाच्या कडेला फेल्टसारख्या जाड कापडाची पट्टी असते. कागदाचा तुकडा कडेत धरून झाकण लावा आणि ओढून बघा. तो सहज निसटला तर हवा गळते, म्हणजे आच ताब्यात राहणार नाही आणि झडपा बंद करूनही कोळसा विझणार नाही. जोराच्या आचेने ही पट्टी जळते आणि बदलावी लागते. ती कुठून मिळेल, पुण्याहून मागवायची तर किती दिवस, हे पैसे देण्याआधी विचारा.